बुटकीचा सूर

बोटांत आणखी एक प्लास्टिकचा तुकडा मोडला तेव्हा ट्यूनरबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली, आणि मग पियानोला एक अस्सल शिवी हासडली. त्या जमिनीवर उताण्या पडल्या होत्या. डोकं पियानोच्या पोटात, टॉर्च हनुवटीखाली दाबलेला, आणि नाकावर कैक वर्षांची धूळ. तेवढ्यात आतून घरच्या आजींचा आवाज आला, चहा टाकू का म्हणून. बाई घाईघाईनं "टाका की" म्हणाल्या आणि शिवी ऐकू गेली नसावी अशी आशा करत पुन्हा कामाला लागल्या.

शहरातले झाडून सगळे ट्यूनर या जातीच्या पियानोला बुटकी म्हणत. एक कारखाना होता, कपाटं आणि पलंग बनवणारा. त्याच्या मालकाला एके काळी वाटलं की लाकूड तेच, सुतार तेच, मग पियानो का नको? म्हणून त्यानं खिडकीखाली मावतील असे बसक्या बांध्याचे स्वस्तातले पियानो काढले. कारखाना केव्हाच बंद पडला, पण बुटक्या मागे उरल्या. उंची कमी करायची म्हणून सगळी यंत्रणा पट्ट्यांच्या खाली कोंबलेली, आणि पट्टी आणि हातोडी यांना जोडणारे कोपर प्लास्टिकचे. ते प्लास्टिक आता इतकं वाळलं होतं की हात लावला की बिस्किटासारखं तुटायचं. त्याहून वाईट म्हणजे आतली फळी. तारा ज्या लोखंडी खुंट्यांना गुंडाळतात त्या खुंट्या या फळीत ठोकलेल्या असतात. चांगल्या पियानोत ती दगडासारखी टणक असते. बुटकीची फळी मऊ. खुंटी पिळून तार ताणावी, तर चहा पिऊन येईपर्यंत ती पुन्हा सैल. तोंडावर पांघरूण ओढलं की पाय उघडे पडायचे, तसला प्रकार.

त्यामुळे बुटकीचा फोन आला की बहुतेक ट्यूनरांची त्याच दिवशी पाठ धरायची, नाहीतर कोणाची तरी मावशी आजारी पडायची. बाईंना मावशी नव्हती आणि पाठ धरली तरी त्या ते कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

हा धंदा त्यांना मिळाला तो सासऱ्यांकडून. मामंजी जुने ट्यूनर. त्यांच्या मुलाला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, कान म्हणून नव्हता. पियानोचा सूर आणि दाराची कुरकुर यांतला फरकही त्याला सांगावा लागे. लग्नानंतर काही दिवसांतच मामंजी बाहेरच्या खोलीत एक पियानो लावत बसले होते आणि नवी सून स्वयंपाकघरातून, कढईवरची नजर न काढता म्हणाली, "तो वरचा अजून थोडा उतरलाय." दुसऱ्या दिवशी मामंजींनी सुनेच्या हातात खुंट्या पिळायची किल्ली दिली आणि मुलाला सांगितलं की तू गाडी चालवायला शीक.

मामंजींचे दोन नियम होते. पहिला असा की पियानो नादकाट्याच्या खाली सोडायचा नाही. तो दोन पायांचा पोलादी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की जो सूर ऐकू येतो तो जगात सगळीकडे सारखा; घरोघरी वेगळा ठेवला तर चार घरच्या माणसांनी एकत्र गायचं कसं, असं ते विचारत. दुसरा नियम असा की काम संपलं की ट्यूनरनं उठायचं, दाराशी जाऊन उभं राहायचं, आणि घरच्या कोणीतरी पियानो वाजवायचा. लहान पोरानं एक पट्टी दाबली तरी चालेल. "आपण लावलेला पियानो आपणच वाजवून माना डोलावणं," मामंजी म्हणत, "म्हणजे आपल्याच स्वयंपाकाला आपणच ढेकर देणं." मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाईंनी दोन्ही नियम सोवळ्यासारखे पाळले होते. या घरात त्यांनी पहिला पाळला आणि दुसरा पाळायचा राहिला, आणि सगळं रामायण घडलं ते त्यातून.

आजींचं म्हणणं मुळात फार थोडं होतं. मधली एक कोपरा उडालेली पट्टी दाबली की वर येत नाही, तेवढी करून द्या. ती पट्टी बाईंनी उडालेल्या कोपऱ्यावरून लगेच ओळखली. बाईंनी तिच्या खालचा प्लास्टिकचा कोपर बदलला, पट्टी टुणकन वर आली. इथंच थांबायला हवं होतं. पण सवयीनं बाईंनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. अख्खा पियानो पूर्ण एका स्वराहूनही खाली बसला होता.

"इतका उतरलेला ठेवायचा नाही हो," बाई म्हणाल्या.

"आम्हाला चालतो," आजी म्हणाल्या. "यांच्यापुरताच तर आहे."

'हे' म्हणजे आजोबा. ते आतल्या खोलीत औषध घेऊन झोपले होते. बाईंनी फार चौकशी केली नाही. त्यांना आजींच्या बोलण्यात भिडस्तपणा दिसला, जुनं दुखणं डॉक्टरला दाखवायला माणूस संकोचतो तसा. बाईंनी त्यांना धीर दिला. म्हणाल्या, काळजी करू नका, मी हात लावलाय म्हणजे पूर्ण करूनच जाईन. आजींनी एकदा तोंड उघडलं, पण बाईंचा हात किल्लीवर गेलेला पाहून पुन्हा मिटलं.

पुढचं काम म्हणजे कुस्ती होती. एक एक खुंटी पिळत बाई वर चढत गेल्या, आणि शेवटाला पोचल्या तोवर सुरुवातीच्या तारा घसरल्या होत्या. पुन्हा पहिल्यापासून. तारा तुटल्या, त्या बदलल्या. सैल खुंट्यांच्या भोकांत पातळ लाकडी कपच्या सरकवल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही. बुटकी हट्टी होती, पण बाई तिच्याहून हट्टी निघाल्या. शेवटी एकदा त्यांनी नादकाटा आपटला, पट्टी दाबली, आणि दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढता येईनात. कारखान्यातून निघाल्यापासून ही बुटकी कधी खऱ्या उंचीवर आलेली नसणार. बाईंची पाठ मोडली होती, पण ऊर भरून आला होता.

बाहेर नवऱ्यानं गाडीचा हॉर्न वाजवला. बाईंनी आजींना पियानो वाजवायला सांगितलं. आजी म्हणाल्या, आत्ता नको, हे झोपलेत, उठले की वाजवीन. आणि बाई दमलेल्या होत्या, म्हणून बरं म्हणाल्या आणि निघाल्या.

आठवडा उलटायच्या आत आजींचा फोन आला. तक्रारीचा सूर नव्हताच. पियानो छान झालाय, फारच छान झालाय, असं त्या दोनदा म्हणाल्या.

"पण हे बोलेनासे झालेत," त्या म्हणाल्या.

बाईंना काही अर्थबोध होईना. पियानो लावल्यानं माणूस कसा गप्प होतो? तरी त्या गेल्या.

आजोबा या खेपेला जागे होते. खिडकीशी खुर्चीत बसले होते. धिप्पाड माणूस, पण उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. आजींनी त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, कारण त्यांच्यापासून चोरून बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

आजोबा ट्रकवर ड्रायव्हर होते. बुटक्यांच्या त्या कारखान्याचा माल तेच पोचवत. एकदा दुकानदारानं एक पियानो गाडीतून उतरूच दिला नाही. पट्टीचा कोपरा उडालेला आणि सूर म्हणाल तर आनंद. कारखान्यात विचारलं तर तिकडून उत्तर आलं, टाकून द्या कुठेतरी. आजोबांनी तो घरी आणून टाकला. लग्न नवं होतं. बायकोला पियानो येत नव्हता, नवऱ्यालाही नाही. पण ट्रक चालवताना आजोबा एक गाणं म्हणत, इंजिनाच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात, आणि आजींनी ते गाणं एका बोटानं शोधून काढलं. ते सुरू होत होतं नेमकं उडालेल्या कोपऱ्याच्या पट्टीपासून. दुसरं गाणं त्या कधी शिकल्या नाहीत. जन्मभर तेवढं एकच.

दोन वर्षांपूर्वी आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. एक शिवी तेवढी शाबूत राहिली होती आणि पाणी हवं असलं, पाठ खाजत असली, डॉक्टर आवडला असला तरी तीच बाहेर पडायची. एके संध्याकाळी आजींनी, दुसरं काही सुचेना म्हणून, पियानो उघडून ते गाणं वाजवलं. आणि आजोबा गायले. शब्दांसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. व्यायाम द्यायला येणाऱ्या नर्सला हे कळलं तेव्हा तिनं सांगितलं की असं होतं कधी कधी. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहते. आता त्याच चालीत रोजचे शब्द घालून बघा. दोघांनी चिकाटीनं ते केलं. आजी कोपरा उडालेल्या पट्टीवर बोट ठेवायच्या, आजोबा ते बोट बघायचे, श्वास घ्यायचे, आणि चालीवर म्हणायचे, खिडकी लाव, पाय दुखतोय, आज कोण आलं होतं. त्या घरातला सगळा संसार, भांडणंसुद्धा, एका गाण्यावर चालला होता.

"आता मी वाजवते तर यांना चढत नाही," आजी म्हणाल्या. "वरच्या जागी आवाज फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. मग यांनी झाकण लावून टाकलं. आता मी उघडलं की तोंड फिरवतात."

त्यांनी दाखवायला झाकण उघडलं. आजोबांनी खरंच मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. बाईंनी आयुष्यात पुष्कळ बेसूर पियानो ऐकले होते, पण त्या मानेकडे पाहवेना.

तरी स्वभाव कुठे जातो? बाईंनी आधी स्वतःची बाजू मांडली. पियानो आता बरोबर आहे, गाणं तेवढं खालून सुरू करा, आणखी डावीकडची पट्टी धरा. आजींनी निमूटपणे करून पाहिलं. पण तिथून सुरुवात केली की मध्ये काळ्या पट्ट्या यायच्या आणि बोटं अडखळायची. "माझी बोटं म्हणजे घाण्याचे बैल," आजी म्हणाल्या, "त्यांना एकच वाट ठाऊक." शिवाय आजोबांची नजर कोपरा उडालेल्या पट्टीवर खिळलेली. बोट तिथं नाही म्हटल्यावर ते श्वासच घेईनात.

बाईंनी सरळ विचारलं, "पूर्वीसारखा करून देऊ?"

"येईल करता?" आजींनी विचारलं.

बाई बघते म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. येईल म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

गाडीत बसताच त्या एकदम सुटल्या. नवऱ्याला, ज्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. खुंटी एकदा पिळली की मऊ फळीतलं भोक मोठं होतं. आपण ती आधीच नको इतकी पिळली आहे. आता उलटी फिरवायला गेलो आणि फळीनं मान टाकली, तर एकही तार उभी राहायची नाही. बुटकी कायमची मुकी, आणि तिच्याबरोबर तो माणूसही. दुसरा पियानो आणावा म्हटलं तर त्याला ती पट्टी कुठून आणायची? आणि उतरवायचं तरी कुठवर? बुटकीची एक एक तार आपापल्या मर्जीनं बसलेली होती. ते काही बाईंनी ध्यानात ठेवलं नव्हतं. चूक कोण ध्यानात ठेवतं?

"आणि मामंजी असते तर म्हणाले असते, नादकाट्याच्या खाली सोडायचा नाही," बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं गिअर बदलला. "बाबा असते तर आधी दाराशी उभे राहिले असते," तो म्हणाला.

हे वाक्य बाईंना इतकं लागलं की घर येईपर्यंत त्यांनी त्याच्याशी अबोला धरला. पण जेवताना त्यांनी त्याला भाजी वाढली ती नेहमीपेक्षा जास्त, आणि त्यावरून तो काय ते समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पुन्हा आजींकडे हजर. आजोबा न्हाणीघरात दाढी करत होते. बाईंनी पियानोचं झाकण उघडलं, आजोबांना कळू नये म्हणून तारांवर फडकं दाबून धरलं आणि कोपऱ्याची पट्टी हळूच दाबली. ऐकून त्या चमकल्या. सूर नादकाट्यावर नव्हता. थोडा खाली होता. शेजारची पट्टी दाबली, तीही खाली, त्यापलीकडची आणखी. एवढा घाम गाळून वर चढवलेली बुटकी कोणाला न विचारता, आपली आपण, निम्मी वाट उतरून आली होती. दुसऱ्या कोणत्याही पियानोनं असं केलं असतं तर बाईंनी कपाळावर हात मारला असता. आता त्यांना हसू फुटलं. ज्या कारखान्याच्या नावानं त्या जन्मभर बोटं मोडत आल्या, त्याच्या त्या मऊ लाकडाला त्यांनी मनातून पहिल्यांदाच आशीर्वाद दिला.

आणि तेवढ्यात त्यांना दुसरी गोष्ट ऐकू आली. न्हाणीघराच्या दाराआडून कोणीतरी गुणगुणत होतं. शब्द नव्हते. नुसतं हं हं, पण चाल तीच.

बाईंनी आजींकडे पाहिलं. आजी कुजबुजल्या, "दाढी करताना करतात. त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. बाहेर आले की बंद."

बाई पियानोच्या बाकावर सावरून बसल्या. त्यांनी नादकाटा पिशवीत टाकला. आजवर त्यांनी पोलादाच्या काट्यावरून पियानो लावले होते. आता माणसावरून लावायचा होता. किल्लीलाही त्यांनी हात लावला नाही, कारण खुंटीला आता एक पीळही नको होता. मामंजींची एक गुळगुळीत लाकडी पट्टी पिशवीच्या तळाशी होती. तिच्या टोकानं त्यांनी तारेवर हलकासा दाब दिला. चांगल्या पियानोत असल्या दाबानं काही होत नाही. बुटकीत खुंटी केसभर मागे सरकली आणि सूर तेवढाच उतरला. पुन्हा ऐकायचं, पुन्हा दाबायचं. आजोबांचा गळा आणि तार यांच्यातलं अंतर मिटत आलं तेव्हा आतून नळाचा आवाज आला. दाढी संपली. त्या दिवसापुरतं कामही संपलं.

मग रोज सकाळी हेच सुरू झालं. नवरा बाईंना सोडायचा, बाई चपला हातात घेऊन आत यायच्या, आजी ओठांवर बोट ठेवून दार उघडायच्या, आणि दोघी चोरासारख्या पियानोपाशी बसायच्या. आजोबा एका हातानं दाढी करत, त्यामुळे सावकाश. तरी बाईंना वेळ पुरायचा नाही. एकदा वरच्या अवघड जागेचा सूर नेमका हाताशी आला आणि आजोबा बाहेर पडायला लागले, तर आजींनी गालावर केस राहिलेत म्हणून त्यांना परत आत पाठवलं. आजोबांनी त्यांची ती एकुलती एक शिवी दिली आणि गेले. आजींनी पदर तोंडाला लावला. हसू दाबता दाबता त्यांचे डोळे भरून आले. "निदान ही तरी राहिलीय," त्या म्हणाल्या.

भीती रोज असायची. एक खुंटी दाबाखाली जास्तच सरकली आणि तार ढिली पडून खर्जात गुरगुरली. कपची सरकवून, श्वास रोखून, त्यांनी तिला पुन्हा उभी केली आणि देवाला न मानणाऱ्या बाईंनी देवाचं नाव घेतलं. एव्हाना आजी त्यांना अगं तुगं करायला लागल्या होत्या. "तू दमलीस, थोडी टेक," असं म्हणत त्या पाठीमागे उशी द्यायच्या. बाईंना कोणी असं म्हटल्याला जमाना झाला होता.

शेवटी एक सकाळ अशी आली की गाण्यातली एक एक पट्टी आजोबांच्या गुणगुणण्याशी जुळली. नादकाट्याच्या हिशेबानं तो सूर कुठल्याच घरात बसणारा नव्हता. पुस्तकात त्याला नाव नाही. शेजारच्या घरचं कोणी त्याच्याबरोबर गाऊ शकलं नसतं. बाईंनी पियानोवरची धूळ पुसली, हत्यारं पिशवीत भरली आणि या वेळी उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

आजोबा बाहेर आले. गाल गुळगुळीत. दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी पाहिलं, उघड्या पियानोला पाहिलं आणि तोंड फिरवून खुर्चीत बसले, खिडकीकडे बघत. आजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वाजवा म्हणून मान हलवली. आपल्याला इथून काही करता येत नाही, हे त्यांना इतकं कधी जाणवलं नव्हतं.

आजींनी कोपरा उडालेल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि दाबलं.

आजोबा हलले नाहीत. पण मानेची शीर सैल झाली. आजींनी पुन्हा दाबलं, मग पुढची, मग त्यापुढची. ओळ पुरी वाजवून त्या थांबल्या, पुन्हा पहिल्या पट्टीवर आल्या आणि बोट तिथंच ठेवून वाट पाहत राहिल्या. आजोबांची मान हळूहळू वळली. त्यांनी बोटाकडे पाहिलं. छाती फुगली. बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"रोज सकाळी," आजोबा चालीवर म्हणाले. आवाज गंजलेला, जाड. "रोज सकाळी ही बाई..." आता ती वरची जागा आली. आजींचं बोट चुकलं नाही. आजोबा तिथं चढले, घासत का होईना चढले आणि पलीकडे उतरले. "माझ्या दाढीला कशाला येते?"

आजींचं बोट पट्टीवरच राहिलं. त्यांना वाजवता येईना. हसत होत्या की रडत होत्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आजोबांनी डाव्या हातानं गुडघ्यावर थाप मारली, पुढे वाजव म्हणून.

बाईंचे डोळे वाहत होते आणि तरी कान आपलं काम करतच होते. कोपऱ्याची ती पट्टी आताच केसभर उतरली होती. बुटकी ती बुटकी. त्यांचा हात पिशवीतल्या किल्लीकडे गेला. पण त्याच वेळी आजोबांनी दुसरी ओळ उचलली, आणि त्यांचा आवाजही तेवढाच, केसभर खालून निघाला. त्यांना ते कळलंही नसेल. ती उतरली की हेही उतरत होते, जन्मभर बरोबर चालणाऱ्या माणसांची पावलं आपसूक सारखी पडतात तसे. बाईंनी किल्ली तशीच ठेवली आणि पिशवीची चेन ओढली.

"वारा येतोय," आजोबा गात होते. "जाताना दार ओढून घ्या."

बाई बाहेर पडल्या. खाली नवरा गाडीला टेकून उभा होता. त्यानं वर बघून खुणेनं विचारलं, लागला का? बाईंनी त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं. दार त्यांनी ओढून घेतलं होतं, पण कडी अजून पडू दिली नव्हती. आतली ओळ संपेपर्यंत त्या ते तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.